पॅकेजातला ‘फुकट स्कुबा’ आणि कोझुमेलचा समुद्र

प्रश्न थोडक्यात असा. डॅलसला राहणारं एक मराठी कुटुंब नाताळात मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर चाललंय. सात रात्री, ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट. गृहस्थ ४६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. वहिनींना पोहता येत नाही. मुलगा बारा वर्षांचा आणि हट्टी. तिघांनीही तारकर्लीला दोनदा स्कुबा केलंय, व्हिडिओही आहेत. पॅकेजात ‘स्कुबा समाविष्ट’ असं छापलंय. विचारलंय ते हे: रिसॉर्टमध्येच करावं की बाहेरच्या दुकानातून? लायसन्स लागतं का? आणि स्कुबाआधी भरायच्या वैद्यकीय फॉर्मवर बीपीचं लिहिलं तर पाण्यात उतरू देत नाहीत म्हणे, मग लिहावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उत्तर एका शब्दाचं आहे. लिहा.

मी मूळचा देवगडचा, आता ह्यूस्टनला असतो. इन्स्ट्रक्टर म्हणून गट घेऊन वर्षातून दोनदा कोझुमेलला जातो, त्याला आता अठरा वर्षं होतील. तो फॉर्म कसा भरला जातो ते इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून सांगू शकतो. सकाळचे साडेआठ, जेट्टीवर बोट धडधडतेय, हातात क्लिपबोर्ड, घाम पुसत एकेक ओळ वाचायची. रक्तदाबाच्या रकान्यात माणूस ‘हो’ लिहितो. काउंटरवरची मुलगी गोड हसून सांगते, ‘मग डॉक्टरची सही लागेल.’ तिथे डॉक्टर कुठून आणणार? मागे बायको-मुलं जॅकेट चढवून उभी. माणूस ‘हो’ खोडून ‘नाही’ करतो. मुलगीही बघून न बघितल्यासारखं करते.

हे टाळायचा मार्ग अगदी साधा आहे. तोच वैद्यकीय फॉर्म नेटवर मिळतो. तो आत्ताच छापा आणि डॅलसमधल्या तुमच्या डॉक्टरांकडे न्या. गोळीने आटोक्यात असलेल्या बीपीला बहुतेक वेळा परवानगी मिळते. डॉक्टर दोन गोष्टी बघतील. एक, तुमचा दम किती टिकतो. दुसरी, गोळी कोणती आहे, कारण बीटा ब्लॉकर असेल तर जोर लावायची वेळ आली की हृदयाचा वेग हवा तितका वाढत नाही. पाण्यात शिरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावरचा भार वाढतो. बीपी असलेल्यांपैकी काहींच्या फुफ्फुसात अशा वेळी पाणी साठतं आणि वर येईपर्यंत धाप लागलेली असते. तुम्हाला होईल असं नाही. पण बोटीवरच्या माणसाला तुमच्या बीपीची माहिती असेल तर तुमच्या धापेकडे तो वेगळ्या नजरेने बघेल.

आता ‘समाविष्ट’ या शब्दाचं. फुकट ते पौष्टिक हे आपलं तत्त्व पाण्याबाहेर ठीक आहे. बऱ्याच रिसॉर्टांत समाविष्ट असतो तो तरणतलावातला अर्ध्या तासाचा डेमो. दुपारी चार वाजता तलावाच्या कडेला सिलिंडर मांडतात, सनबर्न झालेली दहा माणसं रांगेत, एकेकाला दीड मीटर पाण्यात गुडघ्यावर बसवून बुडबुडे काढायला लावतात. मजा येते. वर आल्यावर ओला टॉवेल खांद्यावर असतानाच छापील दरपत्रक हातात पडतं: उद्या सकाळी खऱ्या रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांवर, इतके डॉलर. म्हणजे ‘सगळं समाविष्ट’ असं सांगणारा रिसॉर्टचा मनगटावरचा पट्टा तलावाच्या काठापर्यंतच चालतो. कॅरिबियनमधल्या काही रिसॉर्ट साखळ्यांत रोजच्या दोन बुड्या खरोखरच किमतीत धरलेल्या असतात. पण त्यासाठी तुमच्याकडे डायव्हरचं कार्ड लागतं, आणि कोर्स, रात्रीची बुडी वगैरेंचे पैसे तिथेही वेगळेच.

त्यामुळे रिसॉर्टला ईमेल लिहा आणि नेमकं विचारा. समाविष्ट म्हणजे तलाव की समुद्र? डायव्ह शॉप रिसॉर्टचं स्वतःचं आहे की जागा भाड्याने घेतलेल्या बाहेरच्या कंपनीचं? एका गाइडमागे माणसं किती? बोटीवर ऑक्सिजन असतो का? शेवटच्या दोन प्रश्नांना जिथून गोलमोल उत्तर येईल तिथे मी माझ्या माणसांना नेत नाही. कोझुमेलच्या सान मिगेल गावात स्वतंत्र डायव्ह दुकानं ढिगाने आहेत. छोट्या बोटी, सहा-आठ माणसं. पश्चिम किनाऱ्यावरच्या बहुतेक रिसॉर्टांच्या धक्क्यावरून ती तुम्हाला उचलतातही. दोन सिलिंडरांच्या सकाळच्या फेरीला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात, मरीन पार्कची फी वेगळी. ‘पॅकेजात असताना बाहेर पैसे कशाला’ हा विचार मनात येणार. जेवणाच्या बाबतीत तो बरोबर आहे.

लायसन्सचं म्हणाल तर ‘लायसन्स’ असं काही नसतं, सर्टिफिकेशन कार्ड असतं. पाडी, एसएसआय, नाउई अशा डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांचं. आणि इथे तारकर्लीबद्दल थोडं बोलायलाच हवं. तारकर्ली-मालवणची आमची पोरं पाण्यातली वाघ आहेत, माझी सुरुवात तिथलीच. पण तिथे तुम्ही जे केलंत ते आठवा. पाच-सहा मीटर पाणी, पाठीमागे एक जण तुमच्या सिलिंडरला धरून, तरंगण्यासाठी हवा भरायच्या तुमच्या जॅकेटमधली हवा तोच कमी-जास्त करतोय. तुमचं काम फक्त श्वास घेणं, माशांना पाव दाखवणं आणि कॅमेऱ्याकडे अंगठा न दाखवता ‘ओके’ची खूण करणं. पाण्यात अंगठा म्हणजे ‘वर चला’, हे व्हिडिओत निम्मे लोक विसरलेले दिसतात. पोहायला येत नसलं तरी ते जमतं, कारण डायव्हर तो आहे, तुम्ही प्रवासी. म्हणून कोझुमेलच्या दुकानात ‘आम्ही दोनदा डायव्ह केलंय’ असं सांगू नका. ‘एकदाही नाही’ असंच सांगा, म्हणजे ते तुम्हाला तसंच सांभाळतील.

कार्ड नसलेल्यांसाठी जगभर जी ओळख-बुडी असते, पाडीच्या भाषेत डिस्कव्हर स्कुबा, तिची मर्यादा १२ मीटर, आणि समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार माणसं. ओपन वॉटर हा पहिला कोर्स करून कार्ड मिळालं की १८ मीटर, त्यापुढचा ॲडव्हान्स्ड केला की ३०. हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटरला. १२ मीटर म्हणजे काही विशेष नाही असं वाटतं, पण दाबाचा हिशोब उलटा असतो. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. म्हणजे दाब दुप्पट होतो तो पहिल्या दहा मीटरमध्येच. तिथे खोल श्वास भरून, घाबरून, तोंड मिटून कोणी वर सुटला तर छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुफ्फुस फाटू शकतं. तलावाच्या खोल बाजूलाही हे होऊ शकतं. म्हणून पहिला नियम: श्वास रोखायचा नाही, कधीच नाही.

कानांचंही तसंच. आंबोलीचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तेच इथे एका मीटरमध्ये होतं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधीच, आणि दर हातभर खोलीला. दडा सुटला नाही तर थोडं वर यायचं आणि पुन्हा बघायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाही. मी हा मूर्खपणा स्वतः केलाय: नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलो, खाली छान गेलो, अर्ध्या तासाने गोळीचा जोर ओसरला आणि वर येताना कपाळात सुरी घातल्यासारखं झालं. आत कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट नव्हती. पाच मीटरवर लटकून सेकंद मोजत बसलो. मास्कमध्ये रक्त होतं, आणि सोबतचे विद्यार्थी माझ्याकडे बघत होते.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? तुम्ही आणि मुलगा, दोघांनी डॅलसमध्येच ओपन वॉटरचा अर्धा कोर्स उरकायचा. अभ्यास ऑनलाइन, मग तलावाचे धडे, दुकानानुसार एक-दोन वीकएंड. उरलेल्या चार समुद्रातल्या बुड्या कोझुमेलला दोन सकाळींत. याला रेफरल म्हणतात, आणि नाताळाच्या गर्दीत ते दुकानाशी आधी ठरवून ठेवावं लागतं. यात सुट्टीचे दोन दिवस वर्गात जात नाहीत. मास्क काढणं, पाणी भरलेला मास्क नाकाने फुंकून रिकामा करणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचा नळीचा तुकडा, हात मागे फिरवून शोधणं, हे सगळं घामेघूम होत शिकायचं ते टेक्ससमधल्या क्लोरीनच्या पाण्यात. मुलगा बारा पूर्ण असेल तर ज्युनिअर कार्डावर तो मोठ्या सर्टिफाइड माणसासोबत १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो, दहा-अकराच्या मुलांना १२ची मर्यादा असते. दोघांनाही २०० मीटर न थांबता पोहावं लागेल आणि दहा मिनिटं तरंगावं लागेल. वेगाची अट नाही. बेडकासारखं पोहलात तरी चालतं.

वहिनींबद्दल माझं मत थोडं कडक आहे. नियमाप्रमाणे ओळख-बुडीला पोहता यायलाच हवं असं नाही. पण तारकर्लीसारखं इथे सिलिंडरला कोणी अखंड धरून राहील असं समजू नका, आणि कोझुमेलच्या पाण्याला ओढ आहे. त्यांनी रिसॉर्टचा तो फुकटचा तलावातला डेमो जरूर करावा. तो खरोखर चांगला आहे आणि त्याचा उपयोग नेमका त्यांनाच आहे. तिथे मास्कमध्ये पाणी शिरल्यावर जीव घाबरा झाला नाही, तर चांकानाब पार्कच्या शांत कडेला इन्स्ट्रक्टरसोबत एकटीची बुडी मागावी. बोटीवरून नको. नाहीतर लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केल. कोझुमेलला पाणी इतकं नितळ असतं की वरूनही बरंच दिसतं. आणि ‘मी नाही उतरत’ असं कोणत्याही क्षणी म्हणायची मुभा असते, जॅकेट चढवून झाल्यावरसुद्धा. पैसे भरलेत म्हणून उतरणारी माणसं मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतात.

पाणी इतकं नितळ का, याचं कारण जमिनीत आहे. कोझुमेल चुनखडीचं बेट, त्यावर एकही नदी नाही. पाऊस पडतो तो खडकात झिरपतो, समुद्रात गाळ येतच नाही. आमच्याकडे देवबागला कर्ली नदी येऊन मिळते, पावसाळ्याचा गाळ घेऊन. तिथे पाच-सात मीटर दिसलं तरी आम्ही खूश. इथे तीस मीटर दिसणं नेहमीचं. त्यात बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून दक्षिणेकडून उत्तरेला अखंड प्रवाह वाहतो, तोच पुढे युकातान खाडीतून मेक्सिकोच्या आखातात जातो. म्हणून इथली बुडी ‘ड्रिफ्ट’. बोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडते, तुम्ही वाहत जाता, बोट बुडबुड्यांच्या मागे येते आणि जिथे वर याल तिथून उचलते. पाय मारायचे नाहीत. एसटीच्या खिडकीत बसल्यासारखं रीफ समोरून सरकत जातं. प्रवाहाच्या उलट जायचा प्रयत्न नवखे करतात आणि हवा संपवून बसतात.

हवेचा हिशोब सांगतो, तो पाठ करा. तिथलं नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर साधारण ११ लिटरचं, २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप, साधारण एक वातावरण) भरलेलं, म्हणजे २२०० लिटर हवा. नवा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीसेक लिटर ओढतो. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे मिनिटाला ५६ लिटर. शेवटचे ५० बार हात न लावता ठेवायचे, ते ५५० लिटर झाले. उरले १६५०, म्हणजे जेमतेम अर्धा तास. तेच १२ मीटरवर सदतीस मिनिटं. त्यामुळे गाइडने खूण केली की उगाच खोल उतरू नका, वरच रंग जास्त दिसतात. काटा १०० वर आला की गाइडला दाखवा, त्याने विचारायची वाट बघू नका. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, मगच वर.

पहिल्या बुड्यांसाठी पॅराडाइज रीफ उत्तम, बारा-चौदा मीटर. मग पालांकार गार्डन्स. सांता रोसाची भिंत, म्हणजे पाण्याखालचा सरळ कडा, बघून डोळे फिरतात, पण खाली तळ दिसत नाही आणि नकळत माणूस खोल जातो, ती कोर्सच्या चार बुड्या झाल्यावरच. पुंता सूरची ‘सैतानाचा घसा’ नावाची बोगद्यासारखी वाट चाळीस मीटरच्या आसपास बाहेर पडते. बोटीवर कोणी ‘चला, काही होत नाही’ म्हणालं तरी जायचं नाही.

पॅराडाइजला एक काम करा. रीफच्या पायथ्याशी कपारी असतात, वाळूला टेकलेल्या. तिथे पोटावर न झोपता, हातभर वर तरंगत, टॉर्च तिरका धरून आत बघा. एक चपटं, रुंद तोंड दिसेल, हनुवटीला लोंबणाऱ्या झालरी, डोक्यावर झेब्र्यासारखे पट्टे आणि परांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या. हा स्प्लेंडिड टोडफिश, कोझुमेलची ओळख. दिवसभर बिळात बसून असतो, बाहेर येत नाही. पण बुडबुडे थांबले की ऐकू येतं: घरघर, बेडूक आणि जुना पंखा यांच्या मधलं काहीतरी. माझ्या गटातल्या एका आजोबांनी वर येऊन सांगितलं होतं, ‘आमचा शेजारी असाच घोरतो.’ लायनफिशही दिसेल. तारकर्लीला नाहीतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला तो दिसला तर आपण फोटो काढतो, कारण हिंद महासागर त्याचं घर. इथे तो उपरा आहे, इथल्या लहान माशांचा फडशा पाडतो, म्हणून परवानगी असलेले डायव्हर त्याला भाल्याने मारतात आणि हॉटेलवाले तळून वाढतात.

१९९६पासून हा भाग राष्ट्रीय मरीन पार्क आहे. हातमोजे आणि सुरी न्यायला बंदी, कारण हातमोजे असले की माणूस धरतोच. सनस्क्रीन फासून उतरू नका, पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहायचा घट्ट सदरा, घाला. २०१८मध्ये प्रवाळांचा एक रोग इथे पोहोचला, फ्लोरिडात तो २०१४ला सापडला होता. मेंदूसारखे गोल प्रवाळ पांढरे पडून मेलेले दिसतात. अठरा वर्षांपूर्वीचं पालांकार मला आठवतं, म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही.

आता सात रात्रींची आखणी. इथेच ऑल-इन्क्लुझिव्ह माणसाला उलट्या दिशेने ओढतं. पहिल्या दिवशी बार उघडा, दुसऱ्या दिवशी डोकं जड, म्हणून स्कुबा शेवटी ढकललं जातं. तुम्ही उलटं करा. पहिलं कारण वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून ‘नॉर्ते’ सुटतात, बंदराचा अधिकारी बंदर बंद करतो आणि एक-दोन दिवस एकही बोट हलत नाही. तुमचा नाताळ बरोबर त्यात येतो, म्हणून हातात दिवस राखून ठेवायला हवेत. दुसरं कारण विमान. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा सल्ला असा: एकच साधी बुडी असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८. मी पूर्ण दिवस धरतो. म्हणजे बुड्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी, पाचवा नॉर्तेसाठी राखीव, आणि सहाव्या दिवसापासून काय प्यायचं ते प्या. आदल्या रात्री एखादी बिअर, बस. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं, उन्हाने आणखी, आणि सुकलेल्या शरीराला नायट्रोजनचे बुडबुडे जास्त छळतात. परतल्यावर सांधे दुखणं, हात बधिर होणं, विचित्र थकवा यापैकी काही झालं तर ‘रात्री आखडून झोपलो असेन’ म्हणून दडपू नका, डायव्ह शॉपला लगेच फोन करा. सान मिगेलला दाबाच्या उपचाराची खोली आहे. तिथला खर्च तुमचा अमेरिकन आरोग्य विमा देईलच असं नाही, म्हणून डायव्हिंगचा वेगळा विमा आधी काढा. तो महाग नसतो.

किरकोळ दोन-तीन गोष्टी. बुकिंग करताना रिसॉर्ट बेटावरचंच आहे ना ते बघा. कानकून किंवा प्लाया देल कारमेनला उतरून रोज ‘कोझुमेलला जाऊ’ असं ठरवलं तर रोज प्लायाहून पाऊण तासाची फेरीबोट, जायला आणि यायला, आणि कानकूनहून त्याआधी प्लायापर्यंतचा रस्ता वेगळा. टिप सिलिंडरमागे पाच ते दहा डॉलर, रोख, बोटीवरच्या पोऱ्यालाही विसरू नका. दोन बुड्यांच्या मधल्या तासात फळं मिळतात, सँडविच मिळालं तर बहुधा हॅमचं. शाकाहारी असाल तर डब्यात दोन दशम्या आणि गूळ ठेवा. मी अजूनही ठेवतो, कॅप्टन मागून घेतो.

आणि तुम्हाला मिशी असेल तर मास्क नाकाखालून गळणार, हे धरून चाला. काही जण लिपबाम चोपडतात, त्याने मास्क बुळबुळीत होतो. सकाळी वस्तऱ्याने नाकाच्या अगदी खालची बारीक पट्टी काढून टाका, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. फोटोत कळत नाही.